माळा काढला आणि घर तापलं

वेंगुर्ल्याच्या बाजूला आमच्या काकीचं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, मग ओटी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसदारी न्हाणी. पाच वर्षांपूर्वी चुलतभावाने घर नवीन करून घेतलं. वानरं कौलं फोडत होती म्हणून कौलं उतरवून निळे पत्रे घातले. घर उंच, मोकळं वाटावं म्हणून माजघरावरचा लाकडी माळा काढला. गजांच्या खिडक्या जाऊन ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला, वर प्लॅस्टिक पेंट. मुंबईहून खेपा घालून, कर्ज काढून त्याने हे सगळं आईच्या सुखासाठी केलं. आणि पहिल्याच मे महिन्यात काकी दुपारची घरात थांबेना. उशी घेऊन पडवीत येऊन पडायची. विचारलं तेव्हा म्हणाली, "माळो काढल्यानी, आणि घराचो थंडावो गेलो रे झिला."

तिचं निदान अचूक होतं. ते अचूक का होतं हे नीट उलगडलं, तर कोकणातलं कुठलंही जुनं घर गार, कोरडं आणि कमी बिलाचं कसं करायचं याचं निम्मं उत्तर हाती येतं. गेली दोन वर्षं आम्ही त्या घरावर थोडंथोडं काम करतो आहोत. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो.

आधी आपल्याला उकडतं म्हणजे काय होतं ते पाहू. इमारतींसाठी भारताच्या हवामानाचे पाच प्रकार मानले जातात. त्यात कोकण 'उष्ण-दमट' प्रकारात येतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, आपल्या किनाऱ्यावर तो साधारण ३३-३४ च्या आसपास असतो. तरी घामाने जीव जातो, कारण शरीर गार होतं ते घाम सुकल्यामुळे, आणि आपल्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की घाम सुकतच नाही. पाण्याचा कूलर नागपुरात जादू करतो आणि मालवणात नुसता दमटपणा वाढवतो, तोही याच कारणाने. तेव्हा पुण्याच्या पाहुण्यांनी कितीही सांगितलं तरी कोकणात कूलर घेऊ नका.

मग आपल्या हातात उरतं काय? छपराची उष्णता अंगावर पडू न देणं, आणि अंगावरून वारा वाहता ठेवणं. जोडीला पावसाळ्यातली ओल आवरणं. बाकी सगळं यानंतर.

छपरापासून सुरुवात करतो, कारण बैठ्या घरात सर्वांत जास्त उष्णता तिथूनच येते. एप्रिल-मेच्या भर दुपारी आडव्या छपराच्या एका चौरस मीटरवर ९०० वॅटच्या वर ऊन पडतं. म्हणजे एका बाजूने जेमतेम सव्वातीन फूट असलेल्या चौकोनावर जवळजवळ एका इस्त्रीइतकी उष्णता. गडद रंगाचा पत्रा अशा वेळी साठ अंशांच्या पुढे तापतो.

उष्णता तीन वाटांनी प्रवास करते हे शाळेत शिकलो होतो: वहन, अभिसरण आणि प्रारण. इथे खरा त्रास प्रारणाचा आहे. चुलीसमोर बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, ते प्रारण. मधली हवा तापायची वाट ते बघत नाही. पत्र्याखाली आपण बसतो तेव्हा डोक्यावर सबंध घराएवढा तवा टांगलेला असतो आणि तो खाली सारखी आच फेकत असतो. पंखा हवा हलवतो, पण ही आच पंख्याने अडत नाही. "पंखा पाचावर आहे तरी उकडतंय" ही तक्रार बहुतेक वेळा पंख्याची नसते, छपराची असते.

जुन्या घरात माळा होता, त्याच्यावर कौलं होती. मंगलोरी कौल हे भाजलेल्या मातीचं. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात त्याचा कारखाना काढला आणि पुढे ते सबंध किनाऱ्यावर पसरलं. कौल तापतं, पण दोन कौलांच्या सांध्यात फटी असतात. वर साठलेली गरम हवा त्या फटींतून आपसूक बाहेर जाते आणि वळचणीतून नवी हवा आत येते. उरलेली आच खाली यायला निघते तेव्हा तिला माळ्याच्या फळ्या आडव्या येतात. माळ्यावर नारळ, सुंभाच्या गुंडाळ्या, पेंढा, उन्हाळी कांदे असं काहीबाही पसरलेलं असायचं. म्हणजे वर कौलाची छत्री, मधे वाहती हवा, खाली फळ्या आणि त्यावर सामानाचा थर. आज बाजारात 'इन्सुलेशन' म्हणून जे विकतात ते हेच काम करतं. भावाने माळा काढला तेव्हा त्याच्या मनात फक्त अडगळ काढायची होती. पण त्या अडगळीसोबत घराचं दुसरं छप्परच निघून गेलं.

ज्यांच्या घरावर अजून कौलं आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की ती उतरवू नका. वानरांचा त्रास खरा आहे, मी तो पाहिला आहे. एका सकाळीत वीस-पंचवीस कौलं जातात, आणि दरवर्षी कौलं परतायला माणूस मिळत नाही. यावर सध्या गावोगाव होणारा चांगला उपाय म्हणजे खाली पत्रा आणि वर कौलं. वाशांवर पत्रा, त्यावर रिपा म्हणजे आडव्या पट्ट्या, रिपांवर कौलं. कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही, पत्र्यावर थेट ऊन पडत नाही, आणि दोन्हींच्या मधल्या बोटभर-दोन बोटं जागेतून हवा खेळते. वासे मात्र सुताराकडून नीट तपासून घ्या. एक कौल अडीच-तीन किलोचं असतं, चौरस मीटरला पंधरा-सोळा लागतात, आणि पावसात भिजून त्यांचं वजन वाढतं. कौलासारखा आकार दिलेले रंगीत पत्रेही मिळतात. दिसायला ते छान असतात, पण तापण्याच्या बाबतीत ते पत्रेच आहेत.

पत्रे घातलेच असतील तर ते काढून टाकण्याची गरज नाही. आमच्याकडेही काढले नाहीत. पहिली गोष्ट रंगाची. निळा-तपकिरी पत्रा ऊन पितो, पांढरा ते परत फेकतो. पत्र्यासाठी मिळणारा पांढरा उष्णतारोधक रंग मारला की हाताला फरक कळतो. आपल्याकडे पावसात शेवाळ धरून पांढऱ्याचं काळं होतं, म्हणून दिवाळीनंतर घासून धुवायचं आणि लागेल तिथे पुन्हा हात मारायचा. दुसरी गोष्ट पत्र्याखालच्या चकचकीत फॉइलची. ॲल्युमिनियमचा चकचकीत पृष्ठभाग प्रारण फारच कमी सोडतो, त्यामुळे वरची आच खाली उतरत नाही. पण एक अट आहे, आणि कारागीर नेमकी तीच विसरतात. चकचकीत बाजूसमोर निदान इंचभर मोकळी हवा हवी. फॉइल दोन वस्तूंच्या मधे दाबून बसवला तर उष्णता वहनाने सरळ पलीकडे जाते आणि फॉइलचे पैसे वाया जातात.

तिसरी आणि सर्वांत मोलाची गोष्ट, माळा परत घालणं. काकीच्या गोठ्यात जुन्या माळ्याच्या फणसाच्या फळ्या रचून ठेवलेल्या होत्या. सुताराने त्यांतल्या वाळवी लागलेल्या बाजूला काढल्या, उरलेल्या रंधून माजघरावर चढवल्या, कमी पडल्या तिथे प्लायवुड लावलं. घराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत, अगदी वर, दीड-दोन फुटांची भोकं पाडली आणि त्यांना बारीक जाळी बसवली, नाहीतर कांडेचोर (उदमांजर) आणि वटवाघळं संसार थाटतात. ही भोकं टाळू नका. आजकाल पत्र्याखाली पीव्हीसीचं किंवा पीओपीचं छत लावतात आणि वरची पोकळी चारही बाजूंनी बंद करतात. मग आत कोंडलेली हवा तापत जाते आणि संध्याकाळी छतातून झिरपत राहते. छत लावा, पण त्याच्यावरच्या हवेला बाहेर जायची वाट द्या.

ज्यांनी मागे खोली वाढवून स्लॅब टाकला आहे त्यांची गोष्ट थोडी वेगळी. पत्रा झटकन तापतो, झटकन निवतो. स्लॅब सावकाश तापतो, संध्याकाळी पाच-सहाला आतून सर्वांत गरम होतो आणि अर्धी रात्र ती उष्णता खाली सोडत राहतो. रात्री अकरा वाजता स्टुलावर उभं राहून स्लॅबला तळहात लावून बघा. नुकतंच भात उतरवलेल्या पातेल्याच्या झाकणासारखा लागतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात छपरासाठी मर्यादा दिली आहे: आतबाहेरच्या दर एक अंश फरकामागे एका चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. आपला साधा, उघडा स्लॅब याच्या अडीच-तीन पट उष्णता आत सोडतो.

कोकणात गळतीसाठी म्हणून स्लॅबवर लोखंडी खांब उभारून पत्र्याची शेड घालतात. पाऊस अडवायला घातलेली ही शेड उन्हाळ्यातही मोठं काम करते, कारण स्लॅब सबंध दिवस सावलीत राहतो आणि मधून वारा जातो. बाजू मात्र उघड्या ठेवा. त्या बंद करून वर एक खोली काढली की तीच शेड भट्टी होते. शेड परवडत नसेल तर स्लॅबला दरवर्षी चुना मारा, किंवा मार्च ते मे नारळाच्या झावळ्या पसरून ठेवा. पाऊस येण्याआधी त्या काढायच्या, नाहीतर पन्हळी तुंबतात.

छपराला लागून एक गोष्ट सांगून टाकतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत घरांची छपरं उडाली. पुढच्याच मेमध्ये तौक्ते आलं. छपराला हात लावणारच असाल तर वासे भिंतींना लोखंडी पट्ट्यांनी बांधून घ्या आणि पत्र्याचे स्क्रू, विशेषतः कडांचे, दाट मारा. कडेलाच वारा सर्वांत जास्त ओढतो.

आता वारा. भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून समुद्राकडून जमिनीकडे वारा येतो, रात्री उलट. कोकणात दुपारचा वारा पश्चिमेचा. पण पश्चिमेकडूनच संध्याकाळचं तिरपं ऊन येतं आणि पावसाची झडही तिकडूनच येते. आपल्याला त्या दिशेचा वारा हवा, ऊन आणि झड नको. जुन्या घरांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे पडवी आणि खाली उतरलेली वळचण. ऊन आणि पाऊस तिथेच थांबतो, वारा सावलीतून जाऊन आत येतो. पडवी भिंती घालून खोलीत ओढून घेणं हा अलीकडचा सर्रास प्रकार आहे. तो करण्याआधी दोनदा विचार करा, कारण पडवी गेली की पश्चिमेची भिंत उघडी पडते. गेलीच असेल तर तिथे बांबूचे पडदे सोडा किंवा विणलेल्या झावळ्यांची झापं बांधा, आणि भिंतीपासून थोड्या अंतरावर केळी, सुपारी, जाम लावा.

सरकत्या खिडकीचा हिशेब सोपा आहे. चार फुटांची खिडकी केली तरी एका वेळी दोनच फूट उघडते. अर्धा वारा तिथेच गेला. वर डासांची जाळी, तिने आणखी अडतो. जुन्या गजांच्या खिडकीला खाली-वर अशी वेगळी दारं असायची आणि ती जमिनीपासून फार उंच नसायची. रात्री खालची दोन दारं उघडली की गादीवर झोपलेल्या माणसाच्या अंगावरून वारा जायचा. वारा खोलीत येऊन उपयोग नाही, तो अंगावरून गेला पाहिजे. शिवाय आत आलेल्या वाऱ्याला समोरच्या बाजूने बाहेर जायला तेवढीच वाट हवी. काकीच्या माजघराच्या पूर्वेच्या भिंतीत आम्ही एक जुनी खिडकी परत बसवली. पश्चिमेकडून येणारा वारा कोंडून होता, त्याला वाट मिळाली.

वारा नसेल तेव्हा पंखा. सेकंदाला एक मीटर वेगाने अंगावरून हवा गेली तर दोन-तीन अंशांनी गार वाटतं, आणि यासाठी लागणारी वीज अगदी थोडी. साधा जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, पंखा साधारण ३० वॅट. रोज बारा तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे सोळा युनिट वाचतात, चार पंख्यांमागे पासष्टच्या आसपास. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांच्या पुढचा टप्पा महाग पडतो, त्यामुळे ही बचत वरच्या, महागड्या युनिटांतून होते. आणि आपल्या गावांसाठी याहून मोठा फायदा असा की संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी हा पंखा मंद होत नाही. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर दुपटीहून जास्त वेळ चालतो. छताच्या पंख्यांना जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं आहे, दुकानात ते बघूनच घ्या. त्याआधी घरातली वायरिंग दाखवून घ्या. ओल धरणाऱ्या भिंतीत तीस वर्षांची वायर असेल तर अर्थिंग आणि शॉक लागताच वीज तोडणारा आरसीसीबी हे पहिले खर्च.

आता ओल. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आपला चिरा म्हणजे जांभा दगड स्पंजसारखा सच्छिद्र. तो पाणी पितो, ते रोखता येत नाही. पण प्यालेलं पाणी त्याला सोडूही दिलं पाहिजे. पूर्वी त्यावर चुन्याचा गिलावा असायचा, किनाऱ्यावर तर शिंपले भाजून चुना करत. चुना वाफेला अडवत नाही, भिंत ओली झाली तरी ऊन पडलं की सुकते. सिमेंटचा गिलावा वाफेला बरंच अडवतो, त्यावरचा प्लॅस्टिक पेंट तर रेनकोटच घालतो. जोत्यातून आणि भेगांतून पाणी आत शिरतच राहतं, बाहेर येऊ शकत नाही, मग ते आतल्या बाजूने फुगे आणून रंग फोडतं. गिलाव्यात समुद्राची वाळू वापरली असेल तर लोणा लागतो, कारण मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं. अशा भिंतीवर पुन्हा पुन्हा 'डॅम्पप्रूफ' रंग मारणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

उपाय बाहेरून सुरू होतो. अंगणात मातीवर माती, मग पेव्हर ब्लॉक असं करत जमीन जोत्याच्या वर गेली आहे का बघा. गेली असेल तर भिंतीलगत ती खाली घ्या आणि पागोळ्यांचं पाणी घरापासून लांब न्या. पन्हळ फुटकी असेल तर आधी ती बदला. मग जिथे ओल आहे तिथला सिमेंटचा गिलावा काढून भिंत उघडी ठेवा, एक उन्हाळाभर सुकू द्या आणि चुन्याचा गिलावा करा. चुन्याचं काम येणारे गवंडी कमी उरलेत, पण आहेत. मंदिरांची, वाड्यांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे चौकशी करा.

अंगणातल्या पेव्हर ब्लॉकचा उन्हाळ्यातही त्रास होतो. तापलेली फरशी ओटीवर आच फेकते. तुळशीच्या लग्नानंतर खळ्यात, म्हणजे अंगणात, घातला जाणारा मांडव हीच आच अडवत असे.

चाकरमान्यांच्या बंद घरांचं दुखणं वेगळं. मे संपला की कुलूप, ते गणपतीला उघडतं. आत बुरशीचा वास, कपाटात हिरवी झालेली चप्पल. हवा कोंडलेली असली आणि भिंत गार असली की बुरशी धरतेच. म्हणून जाताना सगळं घट्ट बंद करू नका. वरची जाळीची भोकं उघडी राहू द्या, कपाटांची दारं उघडी ठेवा, गाद्या भिंतीपासून लांब आणि जमिनीपासून वर ठेवा. पूर्वी चुलीचा धूर माळ्यावरून फिरायचा आणि लाकूड कोरडं ठेवायचा, किडीपासून सांभाळायचा. म्हणून कुणी चूल परत आणू नये. त्या धुराने आमच्या आजीची छाती गेली. पण धूर गेला म्हणजे वाशांची काळजी आपल्याकडे आली, दोन-तीन वर्षांनी वाळवीचं औषध लावावंच लागतं.

एसीबद्दल मला सर्वांत जास्त विचारतात. कौलारू किंवा फटी असलेल्या घरात सरसकट एसी लावू नका. गार हवा जड असते, ती दाराखालून निघून जाते आणि वरच्या फटींतून बाहेरची दमट हवा आत येते. मग यंत्राची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते, आणि ते पाणी संपतच नाही. घरात आजारी किंवा फार वयस्क माणूस असेल तर एकच छोटी खोली निवडा, तिला नीट छत करा, दार-खिडक्यांच्या फटी बुजवा आणि तिथेच लावा. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी सुरू होतानाच २४ अंशांवर येतात. तिथून दर एक अंश वर नेलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, हा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा आकडा. २६-२७ वर एसी आणि सोबत हळू पंखा हे आपल्याकडे पुरतं. बाहेरच्या युनिटवर खारी हवा बसते, म्हणून ते पश्चिमेला नको, आणि दर महिन्याला वीज बंद करून साध्या पाण्याने धुवा.

गीझर दोन किलोवॅटचा असेल तर अर्ध्या तासाला एक युनिट. परसात नारळाची सोडणं आणि चुडतं पडलेली असताना न्हाणीतलं चुलाण चालू ठेवायला हरकत नाही, धूर बाहेर जात असेल तर.

छपरावरची सौरवीज मी मुद्दाम शेवटी ठेवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. चांगल्या उन्हात एक किलोवॅटमागे रोज चार युनिट धरा, जुलैत त्याहून बरेच कमी. नेट मीटर घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही वीज मोजतो, त्यामुळे उन्हाळ्यातली जादा वीज पुढच्या बिलांत वळती होते. पण आधी छप्पर आणि पंखे नीट केलेत तर तीनऐवजी दोन किलोवॅटमध्ये भागेल. जुन्या कौलांवर पॅनल ठोकू नका. स्लॅबवर किंवा खळ्याच्या कडेला पक्क्या लोखंडी चौकटीवर, वादळाचा विचार करून लावा.

काकीच्या घराची पश्चिमेची भिंत अजून बाकी आहे. गेल्या दिवाळीनंतर तिचा गिलावा काढला, आतला चिरा हाताला थंड आणि ओला लागत होता. मार्चमध्ये तो वरून कोरडा झाला, पण खालचे दोन थर अजून गडद दिसतात. भाऊ फोन करून रंगाचं विचारत असतो. त्याला सांगितलंय, हा मे जाऊ दे. काकी मात्र दुपारची माजघरात झोपायला लागली आहे, आणि माळ्यावर तिने यंदाचे कांदे पसरलेत.